गुरुवारचा आउटपास

कॅप्टन जगताप रोज सकाळी सात वाजता बुटांना पॉलिश करायचे आणि मग दिवसभर कुठेही जायचे नाहीत.

आम्ही सांगलीत त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो, तेव्हा मला हे कळायला दोन-तीन आठवडे लागले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची ओसरी सरळ दिसायची. पायरीवर जुनं वर्तमानपत्र अंथरून ते बसत. आधी फडक्यानं धूळ, मग ब्रशनं काळं पॉलिश, मग बनियनच्या तुकड्यानं घासणं. टाचेकडची कडसुद्धा सोडत नसत. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, कातरलेली पांढरी मिशी. ऐंशीला टेकलेला माणूस, पण पाठीला कुठे बाक नाही. बूट घालून ते फाटकापर्यंत जात, कुलूप ओढून बघत आणि परत येऊन ओसरीतल्या खुर्चीत बसत. संध्याकाळी तेच बूट काढून कोनाड्यात ठेवत.

फाटकाला दिवसाढवळ्या आतून कुलूप असलेलं आमच्या गल्लीतलं ते एकच घर होतं.

ओळख झाली ती पाण्याच्या टाकीमुळे. आमची टाकी गळत होती आणि मी गच्चीवर बादल्या लावत होते. पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, "बाई, तो पाइप कुणी जोडलाय?"

"प्लंबरनं."

"त्याला परत बोलावू नका. पाना हाय का घरात?"

मला वाटलं, आता हे येतील आणि दुरुस्त करून देतील. ते आले नाहीत. स्वतःच्या गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि माझ्याकडूनच काम करून घेतलं. "डावीकडं फिरवा. जोर लावू नका, लोखंडाला जोर कळत न्हाई. आता सुतळी गुंडाळा. एवढी न्हाई, ती काय करदोडा हाय?" पाऊण तासानं गळती थांबली. मी थँक्यू म्हटलं, तर म्हणाले, "उद्या सकाळी कोरडं दिसलं तर सांगा. काम झालं की सांगायचं. होणार हाय म्हणून सांगायचं न्हाई." आणि जिना उतरून गेले.

मला जरा रागच आला होता. मी शाळेत गणित शिकवणारी बाई, हातात पाना कधी धरलेला नाही. शेजारधर्म म्हणून दहा पावलं यायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी 'कोरडं आहे' सांगायला मी त्यांच्या फाटकाशी गेले, तेव्हा ते आत कुठेतरी होते. खिडकीच्या गजांमागे एक गोऱ्या, ठेंगण्या बाई उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर मोठं कुंकू. त्या अगदी शहाण्या माणसासारख्या माझ्याशी बोलल्या. "कुंडलला जाणार का तुमी? मला तेवढं सोडा. आई वाट बघतीया."

मागून कॅप्टन आले. त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "हिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली."

तेव्हा मला कुलूप कळलं, आणि गच्चीवरून दिलेल्या सूचनाही.

हळूहळू मीही त्यांना सगळ्यांसारखं आप्पा म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत बाईच म्हणाले. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती. शाळेतून आल्यावर मी चहाचा कप घेऊन त्या भिंतीशी उभी राहायची, ते पलीकडून. ओसरीतून आतली खोली दिसेल अशाच बेतानं ते उभे असत. बोलता बोलता त्यांची नजर दर मिनिटाला आत जाऊन यायची.

आप्पांचं मूळ गाव रहिमतपूरच्या पुढे चार मैलांवर. अठराव्या वर्षी चुलतभावाचा शर्ट मागून घालून ते साताऱ्याला भरतीला गेले आणि फौजेच्या इंजिनिअर पलटणीत लागले. पूल जोडायचे, रस्ते काढायचे, पेरलेले सुरुंग उचलायचे, हे त्या पलटणीचं काम. दोन लढाया त्यांनी पाहिल्या. मॅट्रिक होऊन गेलेला हा मुलगा नोकरी करता करताच इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला, सुभेदार झाला आणि निवृत्त होताना मानाची कॅप्टनकी घेऊन आला. मग कुंडलकडच्या एका पाणीपुरवठा संस्थेत त्यांनी अठरा वर्षं काढली. नदीतलं पाणी पंपानं उचलून टेकाडावरच्या उसापर्यंत न्यायचं, ही त्यांची नोकरी. एकदा उन्हाळ्यात संस्थेतल्या एका वजनदार माणसानं निरोप पाठवला की, पाणी आधी आमच्या मेव्हण्याच्या शेताला सोडा. आप्पांनी उलट निरोप दिला, "पाइप उतारानं टाकलाय, नात्यानं न्हाई." त्यानंतर त्यांना दोन वर्षं लांबच्या पंपावर टाकलं होतं. तिथं ते रोज सायकलवरून अकरा किलोमीटर जात. ही गोष्ट त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितली नाही. सायकलची चेन किती वेळा तुटली, एवढंच सांगितलं.

लढायांबद्दल तर ते बोलतच नसत. फक्त एकदा बर्फाचं बोलले. उत्तरेकडच्या डोंगरात त्यांची झोपडी कड्यावरून घसरलेल्या बर्फाखाली गाडली गेली होती. आत तिघं जण. एकोणीस तासांनी त्यांना बाहेर काढलं.

"भीती वाटली असेल," मी म्हटलं.

"न्हाई वाटली. वर आपली माणसं खणत असणार, हे ठावं हुतं. फावड्याचा आवाज येत नव्हता, तरी ठावं हुतं." त्यांनी कप भिंतीवर ठेवला आणि आत एक नजर टाकली. "हितं कोण खणतंय, बाई?"

हे त्यांनी किती वाजले विचारावं तशा आवाजात विचारलं. 

त्यांच्या बायकोचं नाव ताराबाई. चोवीस वर्षं आप्पा फौजेत, आणि ताराबाई गावी सासू-सासरे, दोन मुलं, गुरं आणि शेत सांभाळत. वर्षातून दोन महिने नवरा दिसायचा. मुलगा पुढे परदेशी गेला, मुलगी सुनंदा आष्ट्याला दिली. नोकऱ्या संपल्यावर आप्पांनी सांगलीत हे घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधलं. आता दोघांनी निवांत राहायचं म्हणून. बारा वर्षं निवांत गेली. मग ताराबाई भाजीत दोनदा मीठ घालायला लागल्या, मग गल्ली चुकायला लागल्या, आणि एक दिवस सांगलीच्या स्टँडवर सातारा गाडीत बसलेल्या सापडल्या. कंडक्टर तिकिटाला पैसे मागत होता आणि त्या त्याला सांगत होत्या, "मालक देतील. मिल्ट्रीत हायत."

तेव्हापासून फाटक बंद. आधी आप्पांनी कुलूप लावलं नव्हतं. पहिल्या दिवशी बायकोला कुलपात ठेवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी स्वतः एक कडी बनवली. दोन खटके एकाच वेळी दाबले तरच उघडणारी. पाचव्या दिवशी ताराबाईंनी ती उघडली. मला ती कडी दाखवताना आप्पांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, बायकोचाच. "माझ्या पलटणीतल्या निम्म्या जवानांना उघडली नसती. डोकं कुठं गेलं न्हाई हिचं, निस्ता पत्ता हरवलाय."

आणखी एक गोष्ट ते हसून सांगत. पन्नास वर्षं त्यांनी बायकोला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती. आजार वाढला तशा त्या 'अगं'ला वळून बघेनात. मग आप्पांनी एकदा चारी बाजूंना बघून घेतलं आणि मोठ्यानं हाक मारली, "तारा." ताराबाई गर्रकन वळल्या आणि म्हणाल्या, "कोण रं तू मेल्या, नावानं हाक मारतुयास? आमचे मालक येऊ देत."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार. मालक यायची वाट बघत बसलो."

सुनंदा दर पंधरवड्याला यायची, भाकरीची चवड आणि आईसाठी खव्याची पोळी घेऊन. दर वेळी जाताना तिचं आणि वडिलांचं तेच बोलणं व्हायचं. भिंतीपलीकडून मला ते पाठ झालं होतं.

"आप्पा, दोघं बी आष्ट्याला चला. घरात धा माणसं हायत, कोन न कोन आईकडं बघंल."

"लेकीच्या घरी जाऊन ऱ्हाऊ?"

"मग बाई ठेवा कामाला."

"दोन ठेवल्या हुत्या. एकीनं हिला दरडावलं, दुसरीला ही चावली."

"आवं, पर तुमी असं किती दिवस?"

तेव्हा आप्पा एकच सांगत. "चोवीस वर्षं ती माझी वाट बघत बसली. आता ड्यूटी माझी हाय."

 फाटकातून बाहेर पडताना सुनंदाचे डोळे भरलेले असायचे आणि आप्पा आतून कुलूप लावत असायचे.

आता ती मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. सकाळी नऊच्या सुमाराला मला पलीकडून ठकठक ऐकू आली. वाटी गजावर आपटल्यासारखी. थोडा वेळ थांबून पुन्हा. मी बाहेर येऊन बघितलं, तर फाटकाला कुलूप होतं, पण बाहेरून. घराच्या दाराची कडी लावलेली, तिलाही कुलूप. खिडकीत ताराबाई.

"आवं बाई, ह्यो दरवाजा उघडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आत कोन न्हाई."

मी आप्पांना फोन लावला. तो आत घरातच वाजला. मधली भिंत ठेंगणी होती. मी स्टुलावर चढून पलीकडे उतरले आणि खिडकीशी गेले. आत डोकावले. टेबलावर झाकलेलं ताट होतं, केळी सोलून वाटीत ठेवलेली होती, पाण्याचे दोन तांबे होते. गॅसची टाकी शेगडीपासून सोडवून ठेवली होती. विजेची बटणं चिकटपट्टीनं बंद केली होती, पंखा तेवढा चालू. सुरी, कात्री, काचेची भांडी वरच्या फळीवर गेली होती. घाईत निघून गेलेल्या माणसाचं ते काम नव्हतं. एका इंजिनिअरनं विचार करून, यादी करून केलेलं काम होतं.

मी सुनंदाला फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता आणि आष्टा काही लांब नाही. दोनदा मी फोन हातात घेतला. का केला नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच वाटत होतं की फोन केला की सगळं संपेल. सुनंदा आईला घेऊन जाईल आणि आप्पा परत येतील तेव्हा त्यांच्याजवळ सांभाळायला काही उरणार नाही. ते परत येतील, हे मी धरून चालले होते. त्याला आधार काही नव्हता.

घरी चिंच फोडायला पडली होती. मी ती घेऊन आले आणि खिडकीबाहेर बसले. गजांमधून एकेक आकडा आत द्यायची, ताराबाई चिंचोका काढून गर मला परत द्यायच्या. हात अगदी सराईत. मध्येच उठून दार ओढून बघायच्या, परत येऊन बसायच्या. "दारात कोन उभं ऱ्हाईलंय का बघा," म्हणायच्या. दुपारी मी त्यांना ताट उचलून खिडकीजवळ आणायला लावलं. त्या निम्मं जेवल्या आणि निम्मं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुमी बी अडकलाय न्हवं? खावा." दोन वाजता त्या रडायला लागल्या. लहान मुलीसारख्या, आवाज न करता. मी गजातून हात घालून त्यांचा हात धरून बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या घरात दुपार किती लांब असते.

पाचला आप्पा आले. पॉलिश केलेल्या बुटांवर धूळ होती. त्यांनी फाटक उघडलं, मला खिडकीशी बसलेलं बघितलं आणि ते जागीच थांबले. टाचा जुळवून, हात बाजूला सोडून. मुद्दाम नसेल, त्यांचं शरीर तसंच उभं राहत असेल.

"काय झालं न्हाई ना तिला?"

"नाही. जेवल्या. रडल्या थोड्या."

त्यांनी दार उघडलं. ताराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. आप्पांनी खाली बसून त्यांच्या पायांवर हात फिरवला, मग हात बघितले, मग कपाळ. मशीन तपासावं तसं. सगळं जागेवर आहे म्हटल्यावर ते ओसरीत येऊन पायरीवर टेकले.

"बाई, मी पळालो," ते म्हणाले. "पलटणीत ह्याला भगोडा म्हनत्यात. दोन लढायांत न्हाई पळालो."

"कुठे गेला होतात?"

"रहिमतपूरला. नऊच्या गाडीनं गेलो, स्टँडवर उतरलो, बाकावर बसलो. चहा घेतला, भजी खाल्ली. दीड तास बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो."

"गावी नाही गेलात? चार मैलांवर तर आहे."

"गावात ग्येलो असतो तर इचारलं असतं, वहिनी कशा हायत. मग सांगावं लागलं असतं." त्यांनी बुटाची नाडी सोडायला घेतली, पण बोटं नुसतीच गाठीवर राहिली. "बाकावर कुणी वळखलं न्हाई. कुणी हाक मारली न्हाई. बाई, लय बरं वाटलं. तिला कोंडून बसवलंय, हे ठावं असताना बरं वाटलं. त्येच वाईट झालं."

 त्यांनी आत जाऊन फोन उचलला आणि माझ्यादेखत आष्ट्याला लावला. "सुनंदा, आप्पा बोलतोय. आज मी तुझ्या आईला कुलपात ठिवून आठ तास गावात नव्हतो. शेजारच्या बाईंनी तिला संभाळलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडनं कळू नये म्हणून सांगतोय. काय करायचं ते तू ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा आली. मला वाटलं, आता आवाज चढतील.  तिनं आईला न्हाऊ घातलं, भांडी घासली, कालची चिकटपट्टी बटणांवरून एकेक करून काढली. आप्पा खुर्चीत बसून होते, निकालाची वाट बघत असल्यासारखे. शेवटी ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आप्पा, आता दर गुरुवारी सकाळी मी येनार. धा ते पाच. तुमी त्या टायमाला घरात दिसायचं न्हाई."

"ही शिक्षा हाय?"

"रजा हाय."

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "फौजेत एका दिवसाच्या रजेला आउटपास म्हनत्यात."

"तर आउटपास समजा."

पहिल्या गुरुवारी ते फाटकाबाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. डावीकडे जायचं की उजवीकडे, ते त्यांना ठरवता येईना. अकरा वाजता परत आले, तर सुनंदानं आत घेतलं नाही. मग हळूहळू सवय झाली. ते नदीवरच्या पुलाशी जायचे, कठड्यावरून खाली वाकून कमानी बघायचे आणि संध्याकाळी भिंतीपाशी येऊन मला त्यातल्या दगडकामाचे गुणदोष सांगायचे. एकदा माझ्या शाळेत आले आणि नववीच्या मुलांना पुलावर वजन कसं वाटलं जातं ते फूटपट्ट्या जोडून शिकवून गेले. मुलं त्यांना लढाईचं विचारत होती. ते म्हणाले, "लढाईत पूल बांधला की दुसऱ्या दिवशी आपणच पाडायचा असतो. तुमी नदीवरचा शिका."

गुरुवार सोडला तर बाकी सगळं तसंच होतं. शुक्रवारी सकाळी कुलूप पुन्हा आतून. उलट एका दिवसाची हवा खाल्ल्यावर उरलेले सहा दिवस जास्तच जड जात असावेत. एकदा मी तसं विचारलं, तर म्हणाले, "जड जात्यात. पर आता मोजता येत्यात."

अशी तीन वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात, गुरुवारीच, ते न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसले होते. उठायला गेले आणि उजवा पाय उचलेना. महिनाभर दवाखान्यात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, चालणं आता होणार नाही. सुनंदानं या वेळी विचारलं नाही. गाडी घेऊन आली आणि दोघांना आष्ट्याला घेऊन गेली. जाताना आप्पांना मागच्या सीटवर आडवं केलं होतं. ताराबाई पुढे बसल्या होत्या आणि आनंदात होत्या. एकदाचं फाटक उघडलं होतं.

मी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेले. उसाच्या कडेचं मोठं घर, दारं उघडी, अंगणात माणसांची ये-जा. सोप्यात खाटेवर आप्पा. दाढी कोणीतरी केलेली होती, पण मिशीची एक बाजू जास्त कातरली गेली होती. मी हे बघितलेलं त्यांनी बघितलं आणि ओठांच्या डाव्या कडेनं हसले. उजवी कड हलत नव्हती. बोलणं जड झालं होतं, शब्द चिखलातून पाय काढावा तसे येत. "बाई," ते म्हणाले, "हितं... लय माणसं." ही तक्रार होती की समाधान, ते मला कळलं नाही.

ताराबाई खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. सुनंदा मला हळूच म्हणाली, "आई सारखी हितंच बसती. आप्पास्नी पाव्हणं म्हनती. घरात आजारी पाव्हणं आल्यात, असं धरून चाललीया."

दुपारचं जेवण आलं. सुनंदा भरवायला पुढे झाली, तर ताराबाईंनी ताट तिच्या हातातून घेतलं. भाकरी आमटीत कुस्करली, बोटांनी गुठळ्या मोडल्या.

"पाव्हणं, तुमचं गाव कंचं?" त्यांनी विचारलं.

आप्पांना वेळ लागला. "रहिमत...पूर."

"व्हय? आमचे मालक बी तिकडचेच. मिल्ट्रीत हायत."

"येत... न्हाईत?"

ताराबाईंनी घास हातात धरून विचार केला. "येत्याल की. रजा मिळत न्हाई त्यास्नी."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात चादरीवर होता, तो जरासा हलला आणि थांबला. सुनंदा उठून आत गेली. मला वाटलं त्यांना झोप लागली. जेवण राहूनच जाणार. पण ताराबाई घास तसाच धरून बसल्या होत्या. हनुवटीवर ओघळलेली आमटी त्यांनी पदरानं पुसली आणि खाली वाकून समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "खावा की, पाव्हणं. परक्याचं घर समजू नका."

आप्पांनी डोळे उघडले आणि तोंड उघडलं.